पाव चोरला, मग वर्षं कशाची?

प्रश्न: लहानपणी बहिरमच्या यात्रेत टुरिंग टॉकीजमध्ये एक काळापांढरा हिंदी सिनेमा पाहिला होता. पाव चोरणारा कैदी अन् त्याच्यामागे हात धुऊन लागलेला पोलीस. नाव काय त्याचं? एका पावापायी माणूस इतकी वर्षं आत राहतो का? शिवाय त्यातली आई आणि मुलगी एकच नटी होती की दोघी, यावर आमच्या घरी पैज लागली आहे. (एक वाचक, चांदूर बाजार तालुका)

उत्तर: सिनेमा ‘कुंदन’, १९५५ चा, सोहराब मोदींचा. कैदीही तेच झालेत. ‘पुकार’, ‘सिकंदर’ अशा राजेबादशहांच्या सिनेमांवाले मोदी, कैदी बोलला तरी दरबार भरल्यासारखा वाटतो! पण यात्रेच्या तंबूत आपला सिनेमा लागला हे त्यांना आवडलंच असतं, कारण नट होण्याआधी ते स्वतः भावासोबत ग्वाल्हेरकडे फिरता सिनेमा दाखवत.

गोष्ट व्हिक्टर ह्यूगोच्या १८६२ च्या ‘ले मिझराब्ल’ या फ्रेंच कादंबरीवरून घेतली आहे. तिथे कैदी एकोणीस वर्षं काढतो. पावाची त्यातली पाचच, बाकीची चौदा पळून जायच्या प्रयत्नांची. मला याचं नवल वाटत नाही, तालुका कोर्टात कारकुनी केली आहे. एका मजुरानं दुसऱ्याच्या खळ्यावरून अर्धं पोतं ज्वारी उचलली. जामीन लगेच मंजूर झाला. पण जामीनदार म्हटला की सातबारा मागतात, आणि त्याच्या ओळखीत सातबारावाला माणूस एकच, फिर्यादी! गडी आतच राहिला. सुटलेल्यांचंही सुख नसतं. तारखेच्या दिवशी एसटी चुकली की वॉरंट निघतं. ज्वारी बाजूलाच राहते.

तेव्हा साध्या चोरीला भारतीय दंड संहितेचं कलम ३७९, तीन वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३ आलं. पहिलाच गुन्हा, माल पाच हजारांच्या आतला आणि तो किंवा त्याची किंमत परत केली, तर सामुदायिक सेवेची शिक्षा. अर्धं पोतं ज्वारी त्यात आरामात बसते. तारखा मात्र आहेतच.

पैजेचं म्हणाल तर नटी एकच, निम्मी. आई तीच, मुलगीही तीच. सुनील दत्तही आहे त्यात, पण तेव्हा इतका नवा होता की तुमच्या ध्यानात राहिला नसेल.