नाशिकमध्ये मखमलाबादच्या पुढे ग्रीन झोनमधला गुंठा स्वस्तात मिळतोय. एजंट म्हणतो पाच वर्षांत यलो होईल. झोन असे बदलतात का, आणि घ्यावा का?

झोन बदलतात. शेतीसाठी ठेवलेला हिरवा पट्टा पुढे राहण्यासाठीचा, म्हणजे पिवळा होऊ शकतो. तुमचा एजंट त्या बाबतीत खोटं बोलत नाही. तरीही मखमलाबादच्या पुढचा तो गुंठा घेऊ नका. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण ह्याच गोष्टीवरून आमच्या घरात दोन भावांचं बोलणं बंद झालं होतं.

आमची जमीन त्याच बाजूला. आजोबांच्या माघारी वाटणी झाली. बांधाच्या अलीकडे आमचे वडील, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, आणि पलीकडे मोठे चुलते, आप्पा. दोन्हीकडे द्राक्षबाग. 1982 ला महापालिका झाली तेव्हा नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या तीन नगरपालिका एक झाल्या आणि भोवतालची खेडीही हद्दीत आली. मखमलाबाद त्यातलंच. कागदावर आम्ही शहरात होतो आणि शिवारात ऑक्टोबर छाटणी चालू होती.

1993 च्या विकास आराखड्यात आमचा गट हिरवाच राहिला. नानांनी भाग नकाशा, म्हणजे आराखड्यातला आमच्या गटापुरता नकाशा, काढून आणला आणि जेवणाच्या पाटावर पसरून बघितला. पूर्वेच्या बांधाला लागून डीपी रोड, म्हणजे आराखड्यातला रस्ता, आखलेला होता. नानांनी तिथेच सांगितलं की ज्या अर्थी रस्ता आखलाय त्या अर्थी शहर इकडे येणार, आपण तोवर बाग करू, आणि रानाचे तुकडे पाडायचे नाहीत. आप्पांना हे पटलं नाही. नकाशावरचा रस्ता आपल्या हयातीत होत नाही आणि गिऱ्हाईक तर आज दारात उभं आहे, हे त्यांचं म्हणणं.

गिऱ्हाईक होतं हे खरंच. अंबड-सातपूरच्या कंपन्यांमध्ये लागलेली, धुळे-जळगावकडून, सुरगाणा-पेठकडून आलेली माणसं. भाड्याच्या खोलीत पोरं वाढवत होती. फ्लॅट परवडत नव्हता, बँक दारात उभं करत नव्हती. एका दलालाने आप्पांच्या रानातली बाग तोडायला लावली, दोरी धरली, फक्की टाकली आणि 33 बाय 33 फुटांचे गुंठे पाडले. रस्ता जेवढा रुंद सोडावा तेवढे गुंठे कमी होतात, म्हणून मधले बोळ दहा फुटांचे. मोकळी जागा नाही, गटारीचा उतार नाही, कुणाच्या परवानगीचा कागद नाही. नोटरीचं साठेखत, बस.

नाना आडवे गेले. निदान बोळ तीस फुटांचे सोड, एवढं तरी कर, म्हणून आप्पांच्या ओट्यावर जाऊन बसले. आप्पांनी चार माणसांत त्यांना भित्रा म्हटलं. पुढे प्रत्येक लग्नकार्यात हा शब्द फिरत राहिला. नाना भित्रे, आप्पा धडाडीचे. चुलतभाऊ आजही हेच बोलतात.

आता झोनचं काय झालं ते सांगतो. कायद्याप्रमाणे आराखडा साधारण वीस वर्षांनी पुन्हा करायचा असतो. नाशिकचा 2013 मधला प्रारूप आराखडा शेतकऱ्यांच्या विरोधामुळे बारगळला, 2015 मध्ये नवा प्रसिद्ध झाला आणि जानेवारी 2017 मध्ये शासनाने मंजूर केला. त्यात आमचा पट्टा पिवळा झाला. नानांचं रान आणि आप्पांचं रान एकाच दिवशी, एकाच रंगात. तुमचा एजंट ज्या दिवसाची आशा दाखवतोय तो दिवस आमच्याकडे येऊन गेला आहे, म्हणून त्यानंतर काय होतं तेही आम्हाला माहीत आहे.

नानांच्या बाजूला रीतसर लेआउट मंजूर झाला. नऊ मीटरचे रस्ते, दहा टक्के खुली जागा, पावसाळी गटार. ज्यांनी प्लॉट घेतले त्यांना बँकेने कर्ज दिलं. आप्पांच्या बाजूला रंग बदलला आणि बाकी काहीच बदललं नाही. बोळ दहा फुटांचेच. दोन्हीकडून ओटे पुढे आल्यामुळे काही ठिकाणी आठ. सेप्टिक टँक उपसायची गाडी कोपऱ्यावर थांबते आणि तिथून पाइप ओढतात. अग्निशमनचा बंब आत वळत नाही. एकदा एका घरातून आजारी माणसाला खाटेवरून मुख्य रस्त्यापर्यंत आणावं लागलं, रुग्णवाहिका तिथवरच आली. तो माणूस आप्पांचा पहिला गिऱ्हाईक. सातपूरला लेथ चालवायचा, प्रॉव्हिडंट फंड काढून त्याने गुंठा घेतला होता. तुमच्या प्रश्नात मला तोच दिसला.

शहराची वापराची तऱ्हा बदलते, रंग बदलतो, घरं पडून नवी होतात, पण एकदा पडलेली वाट आणि हद्दीची रेघ शे-दोनशे वर्षं जात नाही. जुन्या नाशकात भद्रकालीपासून सराफ बाजारापर्यंत चालून बघा. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, माजघरांच्या जागी दुकानं आली, माणसं उपनगरात गेली. गल्ल्या मात्र पेशवाईतल्या माणसाला ओळखू येतील अशाच. उलट कॉलेज रोड घ्या. तिथे बंगले होते, आता कपड्यांची दुकानं, क्लासेस, दवाखाने आहेत. हा बदल तिथे पेलला, कारण मूळ प्लॉट मोठे आणि रस्ते रुंद होते. सिडकोतही तेच. कामगारांच्या लहान घरांवर मजले चढले, तळाला किराणा आणि सलून आलं, गाड्यांची गर्दी झाली. पण शाळेची, बाजाराची, मैदानाची जागा आधी आखलेली होती म्हणून ती आज सापडते. आप्पांच्या कॉलनीतल्या पोरांना क्रिकेट खेळायला आमच्या लेआउटच्या खुल्या जागेत यावं लागतं. येऊ द्या, त्यासाठीच ती आहे. पण ती कुणी सोडली हे चुलतभावांनी लक्षात ठेवावं.

रस्त्याच्या रुंदीवर तुमचं बांधकामही ठरतं. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्यात लागू झालेल्या बांधकामाच्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, चढवता येत नाही. नाशिककरांना कपाटांचा घोळ आठवत असेल. कपाटांसाठी सोडलेली जागा खोल्यांत घेतली आणि बांधकाम मंजुरीपेक्षा जास्त झालं. सहा आणि साडेसात मीटर रस्त्यांवरच्या किती इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले त्यात अडकले होते. शेवटी ते रस्ते नऊ मीटर धरण्याचा मार्ग काढावा लागला. तिथे निदान इमारतींपुढे नियमाने सोडलेली मोकळी, म्हणजे सामासिक जागा होती. दहा फुटांच्या बोळात कुणाच्या घराची भिंत मागे घेणार?

झोन कोण बदलतं, हेही सांगतो. महापालिका प्रारूप आराखडा करते, हरकती मागवते, नियोजन समिती सुनावणी घेते आणि मंजुरी राज्याच्या नगरविकास विभागाची. सगळा आराखडा बदलायचा नसेल तर एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्याच्या कलम 37 खाली एखाद्या भागापुरता फेरबदल होतो. तिथेही सूचना, हरकती, शासनाची मंजुरी हे सगळं आहेच. एजंटाच्या हातात यातलं काही नाही. पाच वर्षं हा आकडा त्याने तुम्हाला बघून काढलेला आहे. 1993 आणि 2017 यांच्यात किती वर्षं गेली ते मोजा.

आणि पिवळा म्हणजे मोकळा, असंही समजू नका. पिवळ्यावर शाळा-बागेसारख्या सार्वजनिक कामाचं आरक्षण असू शकतं, डीपी रोड असू शकतो. गोदावरीच्या किंवा नाल्याच्या जवळ असाल तर पूररेषा असते. 2008 च्या पुरानंतर नाशकात निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (मोठ्या पुराच्या) रेषेवरून किती वाद झाले ते इथल्या जुन्या माणसांना विचारा. निळ्या रेषेच्या आत नवीन घर विसरा. हिरव्यात शेतघर चालतं, लॉन्स-मंगल कार्यालय चालतं, म्हणून त्या बाजूला इतकी लॉन्स दिसतात. कॉलनी चालत नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर दोन गोष्टी कबूल करायला हव्यात. एक, पैशाच्या हिशेबात आप्पांचं फार चुकलं असं मी म्हणत नाही. त्यांनी त्या पैशात सिन्नरकडे जमीन घेतली, मुलींची लग्नं केली. वीस वर्षं वाट बघणं प्रत्येकाला जमत नाही आणि द्राक्षाच्या दोन बागा अवकाळीने गेल्या की माणूस विकतोच. दुसरं, गुंठा घेणाऱ्याला मी दोष देत नाही. परवडणारं घर शहरात कुठेच आखलेलं नसेल तर तो शिवारात जाणार. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशा वसाहती नियमित करायची सोय केली, आणि 2021 मध्ये ती सोय 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या गुंठेवारीला लागू केली. तुम्ही आज घेणारा गुंठा त्यात बसत नाही. तुकडेबंदी, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे विकायला असलेली बंदी, अलीकडे सैल झाली आहे हे एजंट तुम्हाला सांगेलच. त्याने सातबाऱ्यावर नाव लागण्याचा प्रश्न सुटला तरी रस्त्याचा सुटणार नाही.

तुमच्याकडे जेवढे पैसे आहेत तेवढ्यात एक गुंठा मंजूर लेआउटमध्ये मिळणार नाही, हे मला माहीत आहे. मग नाशिकरोडच्या किंवा आडगावच्या बाजूला पूर्णत्वाचा दाखला असलेला जुना वन बीएचके बघा. घेण्याआधी त्या गटाचा झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः अर्ज करून काढा, एजंटाची झेरॉक्स चालवून घेऊ नका. नकाशावरचा रस्ता जागेवर किती फूट आहे ते टेप लावून मोजा.

आमच्या चुलतभावांपैकी कुणी हे वाचलंच, तर नाना भित्रे नव्हते. त्यांना नकाशा वाचता येत होता आणि येणारा माणूस कुठून चालणार याची त्यांना काळजी होती. आप्पांच्या कॉलनीतल्या ज्या घरांचे गुंठेवारीचे अर्ज अजून राहिलेत ते घेऊन या. मोजणीचे जुने कागद माझ्याकडे आहेत, अर्ज मी भरून देतो. आणि कोपऱ्यावरचा तुमचा मोकळा गुंठा विकण्याआधी बोळ रुंद करायला सोडता येतो का, ते समोरासमोर बसून बोलू.