पहिली सही झाली, पण मनाला टोचतंय

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझं लग्न आहे. रजिस्ट्रारकडे पहिली सही, म्हणजे लग्नाच्या इराद्याची नोंद, झाली. माझा दादा आणि त्याचा जोडीदार आठ वर्षं म्हापशात एकत्र राहतात. त्यांना मात्र लग्नाचा हक्क नाही. मला अपराधी वाटतं. लग्न पुढे ढकलू का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ढकलू नका. समलिंगी विवाहाला मान्यता देणं हे संसदेचं काम, असं सर्वोच्च न्यायालयाने 17 ऑक्टोबर 2023 ला सांगितलं. फेरविचार याचिकाही जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या. तुम्ही थांबल्याने दादाच्या पदरात काही पडणार नाही. तरी ही टोचणी खरी आहे. दुसऱ्या, म्हणजे लग्न पक्कं करणाऱ्या सहीआधी तिला कामाला लावा.

नोटरीकडे वेगळा लग्नपूर्व करार केला नसेल, तर गोव्याच्या कायद्याने तुम्ही नवरा-बायको एकमेकांच्या मालमत्तेत निम्म्याचे धनी होता. दादाच्या जोडीदाराला आपोआप काहीच मिळत नाही. म्हणून दादाने मृत्युपत्र करावंच, आणि तेही विशेष नोटरीसमोर (गोव्यात हे काम सब-रजिस्ट्रार करतो), दोन साक्षीदारांसह. घरी कागदावर लिहून सही केली, तर इथे ते टिकत नाही. त्यातही अडचण आहे : आईवडील हयात असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव राहते, जोडीदाराला उरलेली निम्मीच देता येते. नवा फ्लॅट घ्यायचा असेल तर खरेदीखतावर पहिल्यापासून दोघांची नावं घालावीत. मग प्रश्न फक्त दादाच्या वाट्यापुरता उरतो.

आईवडिलांकडे गेलेला तो हिस्सा पुढे तुमच्याकडे येऊ शकतो. ‘मी तो सोडेन’ असं आज लिहून देऊन उपयोग नाही, कारण जिवंत माणसाच्या वारशावरचा हक्क आधीच सोडता येत नाही. वेळ येईल तेव्हा सोडायला तुमच्या नवऱ्याचीही सही लागेल. त्यामुळे होणाऱ्या नवऱ्याशी हे आत्ताच, स्पष्ट बोला. आमच्या मते तुमच्या हातातलं सगळ्यात मोठं काम हेच.

बँकेत दोघांचं संयुक्त खातं आणि जोडीदाराचं नामांकन चालतं, हे केंद्र सरकारने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण नामांकन म्हणजे वारसा नव्हे, मृत्युपत्र लागतंच.

लग्नात दोघांना कुठे बसायचंय, पत्रिकेत नाव हवंय का, हे दादाला एकट्याला विचारा, म्हणजे ‘नको’ म्हणणं त्याला जड जाणार नाही. पत्रिका छापायला जाण्याआधी विचारा.