बागेच्या शंका : काटे भरपूर, फुले नाहीत

प्रश्न : ऐरोलीत सातव्या मजल्याच्या गच्चीवर 14 इंची कुंडीत बोगनवेल आहे. रोज पाणी, महिन्याला चमचाभर युरिया. फांद्या हातभर वाढतात, पाने गर्द हिरवी, पण फुलांऐवजी नुसते काटे. नर्सरीवाले म्हणतात, पाणी तोडा. किती दिवस तोडायचे?

उत्तर : दिवस मोजू नका, पाने बघा. बोगनवेलीत काटा आणि फुलांचा गुच्छ पानाच्या बगलेतल्या एकाच डोळ्यातून, म्हणजे अंकुरातून, निघतात. झाड जोमाने लांबत असले की त्या डोळ्याचा काटा होतो. वाढ मंदावली, दिवस लहान झाले आणि ऊन भरपूर असले की तिथेच गुच्छ धरतो. तुमचे रोजचे पाणी आणि युरिया मिळून प्रत्येक डोळा काट्याकडे ढकलत आहेत.

कोरड्या मुलखातल्या बहुतेक झुडपांचा हिशेब थोड्याफार फरकाने असाच असतो. पाण्याची ओढ लागली की आधी पेशींचे फुगणे थांबते, म्हणजे फांदी लांबायची थांबते. पाने मात्र आणखी काही काळ साखर बनवत राहतात. ही शिल्लक साखर खोडा-मुळांत साठते किंवा कळ्यांना मिळते. ताण त्याही पुढे गेला तर पानांची रंध्रे मिटतात, साखरच बनत नाही, पाने गळतात. मग फांदीही नाही आणि फूलही नाही. ‘पाणी तोडा’ हा सल्ला म्हणूनच अर्धवट आहे. कुठे थांबायचे तेही सांगायला हवे.

युरिया आजच बंद करा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरात लांब फांद्या एक तृतीयांश छाटा, कारण फुले नव्या फुटीवर येतात. फूट वीतभर होईपर्यंत पाणी नेहमीसारखे द्या, मगच ताण सुरू करा. कुंडीखालची ताटली काढा. वरची दोन इंच माती कोरडी होऊन कोवळी पाने मलूल दिसली की नेहमीच्या निम्मे पाणी द्यायचे. दुसऱ्या सकाळी पाने ताठ झाली तर ताण बरोबर आहे. तशीच लोंबत राहिली तर जास्त झाला, भरपूर पाणी द्या. असे तीन-चार आठवडे. रंगाचे ठिपके दिसले की ताण संपला. त्यानंतरही कोरडे ठेवले तर रंगीत पाने गळून पडतात, आणि बरेच जण नेमके इथेच चुकतात. ऊन पाच-सहा तास तरी हवे. आणि हो, वरच्या मजल्यावरच्या एसीचे पाणी कुंडीत ठिबकत असेल तर हा सगळा खटाटोप फुकट.

प्रश्न : खारघरला 18 इंची कुंडीत डाळिंब आहे. फुले ढिगाने येतात, पण सगळी गळतात. एखादे फळ राहिलेच तर ते तडकते.

उत्तर : आधी गळलेली फुले उलटून पाहा. देठाकडे निमुळते, घंटेसारखे फूल म्हणजे नर, ते गळणारच. देठाकडे फुगीर, कलशासारखे असते त्यालाच फळ धरते. नर फूल झाडाला स्वस्त पडते. फळ आणि त्यातले बी मात्र साखर, नत्र, स्फुरद सगळे ओढून घेतात. अन्न कमी असले की झाड नर फुलांचे प्रमाण वाढवते. कलशाकृती फुलेही गळत असतील तर ऊन कमी पडते आहे का ते तपासा, नाहीतर परागीकरण होत नसेल. सकाळी मऊ ब्रशने पराग फिरवून पाहा.

झाड दोन वर्षांहून लहान असेल तर फुले खुडा. जिवावर येते खरे, पण त्या वयात फळ घेतले की खोड-मुळे मागे पडतात. मोठ्या झाडावर या मापाच्या कुंडीत पाच-सहाच फळे ठेवा, तीही एकेकटी; जोडफळातले एक काढून टाका.

बहर, म्हणजे फुलोऱ्याचा हंगाम, कोणता धरायचा? फूल ते फळ पाच-सहा महिने लागतात. मृग बहराची (फुले जून-जुलैत) फळे आपल्याकडे भर पावसात वाढतात आणि तेल्या (जिवाणूंमुळे होणारा डागांचा रोग) व बुरशीजन्य डागांना आयती सापडतात. आंबे बहराची (फुले जानेवारी-फेब्रुवारीत) जून-जुलैत, पुन्हा पावसातच पिकतात. नवी मुंबईत हस्त बहर (फुले सप्टेंबर-ऑक्टोबरात), तोही जरा उशिरा, हाच शहाणपणाचा. पाऊस थांबल्यावर ताण द्या. शेतात महिना-दीड महिना लागतो, कुंडीत माती थोडी म्हणून त्यापेक्षा बराच कमी. पाने पिवळी पडून गळू लागली की शेंडे हलके छाटा, दोन ओंजळी कुजलेले शेणखत द्या आणि पाणी हळूहळू वाढवा.

फळ तडकते ते पाण्याच्या लहरीपणामुळे. कोरड्या दिवसांत साल घट्ट होते, मग एकदम पाणी मिळाले की दाणे फुगतात आणि साल फाटते. सुट्टीत गावाला जाताना शेजाऱ्यांना थोडे थोडे, पण नियमित पाणी द्यायला सांगा.

प्रश्न : घोडबंदर रोडवरील आमच्या सोसायटीत बोरीचे झाड आहे. त्यालाही ताण द्यायचा का?

उत्तर : नाही. बोर उन्हाळ्यात आपणहून पाने टाकते. तिची फुले चालू हंगामाच्या नव्या फांद्यांवर येतात, म्हणजे इथे आधी वाढ हवी. एप्रिल-मेमध्ये झाड निष्पर्ण असताना मागच्या वर्षीच्या फांद्या छाटा. पावसात जोरदार फूट येईल, सप्टेंबर-ऑक्टोबरात तिच्यावर फुले, थंडीत बोरे. छाटणी चुकवली तर फूट काडीसारखी बारीक होते आणि बोरेही तशीच. पावसाळ्यानंतर छाटलीत तर त्या वर्षीचा फुलोराच कापला जातो.