आधी फेलोशिप, मग परवानगी?

प्रश्न : सोलापुरात पूर्व भागात आमचे आठ यंत्रमाग आहेत. मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे, ६४ टक्के. तिला पत्रकार व्हायचंय. अमेरिकेत राज्य सरकार विद्यापीठाला पैसे देतं आणि पत्रकारांना फेलोशिप मिळते, असं ती सांगते. आपल्याकडेही मुख्यमंत्री फेलोशिप आणि जेआरएफ आहेच. मी तिला सांगितलंय, जूनपर्यंत सरकारी फेलोशिप मिळवून दाखव, नाहीतर एमपीएससीचा क्लास. मागे तिने सहा महिने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर नळाला पाणी कधी आलं ते लिहिलं आणि पत्र म्हणून पेपरात छापून आणलं. माजी नगरसेवक आमच्या ओळखीचे, मला ऐकून घ्यावं लागलं. अशा फेलोशिपवरून पुढे सरकारी नोकरीत कायम होता येतं का?

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. का ते सांगतो, पण त्याआधी त्या ‘जूनपर्यंत’बद्दल बोलू.

तुम्ही माग चालवता. मागावर सुताचा बीम चढवायच्या आधी कुणी टॉवेल मागितला तर तुम्ही त्याला काय म्हणाल? मुलीला तुम्ही नेमकं तेच सांगितलंय. पत्रकारितेची फेलोशिप केलेलं काम बघून मिळते आणि काम सुरू करायची परवानगी तुम्ही फेलोशिपवर अडवून ठेवली आहे. ही अट ती पूर्ण करू शकणार नाही, आणि जूनमध्ये तिला वाटेल की आपणच कमी पडलो. एकविसाव्या वर्षी मनात बसलेलं असं काही लवकर निघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी मार्क कमी पडलेली मुलं सावरतात. घरच्या अटीत हरलेली मुलं मात्र पुढे प्रत्येक निर्णय दुसऱ्याला विचारून घेतात. ही अट आजच मागे घ्या, आणि तसं तिला तोंडाने सांगा.

आता गैरसमजाचं. फेलोशिप हा एकच शब्द तीन वेगळ्या गोष्टींना लागतो. जेआरएफ ‘नेट’ ही परीक्षा देऊन मिळते आणि ती पीएच.डी.च्या संशोधनासाठी असते. मुख्यमंत्री फेलोशिपला वर्षभराच्या पूर्णवेळ कामाचा अनुभव लागतो आणि काम शासनाच्या कार्यालयात करायचं असतं. मुलगी सांगते ते तिसरंच आहे, आणि ते खरं आहे. कॅलिफोर्निया राज्याने २०२२ साली बर्कलीच्या सरकारी विद्यापीठातल्या पत्रकारिता विभागाला अडीच कोटी डॉलर दिले. त्यातून उमेदीच्या पत्रकारांना दोन वर्षं पगार मिळतो, आणि ते काम करतात राज्यातल्या स्थानिक वृत्तपत्रांत, रेडिओत, वृत्तसंकेतस्थळांवर. २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्यानेही तिथल्या सरकारी विद्यापीठाला अशाच कामासाठी २४ लाख डॉलर दिले. गावोगावचे पेपर बंद पडत चालले, नगरपालिकेच्या सभेला बातमीदारच उरला नाही, म्हणून हे सुरू झालं. पैसा थेट पेपरला न देता मध्ये विद्यापीठ ठेवलंय, ते मुद्दाम. पैसे राज्याचे असले तरी निवड विद्यापीठ करतं आणि बातमी संपादक ठरवतो. त्यामुळे हा फेलो सरकारचा माणूस होत नाही. मुदत संपली की फेलोशिप संपते, त्यात कायम होणं नाही. आणि ती तिथल्या पत्रकारांसाठी आहे, सोलापुरातून अर्ज करायची नाही.

असं काही आपल्याकडे व्हायला हवं, असं मला मनापासून वाटतं. सोलापूर विद्यापीठ २००४ साली एका जिल्ह्यासाठी स्थापन झालं. अकरा तालुके, प्रत्येक तालुक्याला एक पगारी तरुण बातमीदार, निवड विद्यापीठाची. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत किती गोष्टी उजेडात येतील! पण ते होईपर्यंत मुलीला थांबवून ठेवू नका.

पत्रकारितेच्या शिक्षणाच्या वाटा तुम्हाला माहीत असतील : सोलापूर विद्यापीठातला जनसंज्ञापन विभाग, पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट, अमरावतीचं आयआयएमसी (भारतीय जनसंचार संस्था). तुम्हाला सरकारी नोकरीच हवी असेल तर माहिती अधिकाऱ्याची पदं एमपीएससीमार्फत भरतात आणि त्यांनाही पत्रकारितेचं शिक्षण लागतं. ते काम शासनाची बाजू लोकांपर्यंत पोचवण्याचं. चांगलं काम आहे, पण तुमच्या मुलीने कॅलेंडरवर जे केलं, ते हे नव्हे.

त्या कॅलेंडरबद्दल तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मी ते वाचून थांबलो. सहा महिने, कुणी न सांगता, रोज नोंद, आणि मग ती लोकांसमोर ठेवायची. पदवी घेऊन आलेल्या मुलांना हे शिकवताना शिक्षकांचा घाम निघतो. पाण्याची वाट बघत रात्री जागणाऱ्या बाया तुमच्या गल्लीतही असतीलच, त्यांनी ते पत्र वाचलं तेव्हा त्या काय म्हणाल्या, हे तुम्ही विचारलंत का? ओळखीच्या माणसाची नाराजी तुम्हाला सोसावी लागली, हे खरं. पण चार हुतात्मा पुतळ्यांपाशी तुम्ही नेहमी जात असाल. त्या चौघांतले कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत होते. आपल्या गावात लिहिणाऱ्याला मान आहे.

आणखी एक. पूर्व भागातल्या कितीतरी घरांसारखी तुमच्याही घरात तेलुगू बोलत असतील, तर तेलुगू आणि मराठी दोन्ही येणारी मुलगी विडी कामगार बाईशी तिच्या भाषेत बोलू शकेल. पुण्याहून आलेल्या बातमीदाराला ते जमणार नाही. पैशाची चिंता तुमची रास्त आहे. सुरुवातीचे पगार कमी असतात, हे मी लपवणार नाही. म्हणून दोन वर्षं घरी राहून सोलापुरातच एम.ए. करू दे आणि सोबत एखाद्या स्थानिक दैनिकात काम करू दे. खर्च आवाक्यात राहील. दोन वर्षांनी छापून आलेल्या पंचवीस-तीस बातम्या हातात असतील, तेव्हा पत्रकारितेच्या फेलोशिपला अर्ज करताना दाखवायला तिच्याकडे काम असेल.

तुमचं पत्र तुमच्या हातचं आहे. पुढचं पत्र तिला लिहू दे. सोबत त्या कॅलेंडरच्या सहा पानांचे फोटो पाठवायला सांगा. कॅलेंडर रद्दीत गेलं नसेल, अशी आशा आहे.