सेटल केलेल्या कर्जानंतर गाडी घ्यायचीय? आधी तो एक शब्द बदलून घ्या

तासगावच्या दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बेदाण्याच्या धंद्यात खोट आली, एका बँकेचं कॅश क्रेडिट (धंद्यासाठीचं खेळतं कर्ज) गेल्या वर्षी तडजोडीत मिटवलं, दुसरं कर्ज कसंबसं पूर्ण फेडलं. सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या इतिहासावर मिळणारे गुण, ५९० आहे. वडिलांना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा मिरजेला न्यावं लागतं, म्हणून जुनी का होईना, गाडी हवीय. आणि गाडी विकणारा म्हणतोय, "सिबिलचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त सही करा." ती सही आत्ता करू नका.

मी यातून गेलोय म्हणून सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा माझं कापडाचं दुकान माळ्यापर्यंत पाण्यात होतं. चोपड्या गच्चीवर वाळत घातल्या, तर पानं एकमेकांपासून सुटेनात. पुढच्या वर्षी लॉकडाऊन. खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जात, गेलं, २०२१ मध्ये सेटलमेंट केली. गावात दिवाळं निघालं म्हणून बोभाटा झाला. कायद्यातली दिवाळखोरी वेगळी असते. त्यासाठी आपल्याकडे अजूनही १९२० च्या कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. तुमचं प्रकरण तिथवर गेलेलं नाही, त्यामुळे सावरायला बराच वाव आहे.

माझी चूक अशी झाली की २०२३ मध्ये मी असाच एका एजंटच्या शब्दावर गेलो. त्याने एका आठवड्यात पाच ठिकाणी कर्जासाठी फाइल टाकली. पाचही ठिकाणी नकार आला आणि माझ्या सिबिल अहवालात (जिथे आपल्या सगळ्या कर्जांची नोंद असते) पाच चौकश्या एकाखाली एक उमटल्या. अशा प्रत्येक चौकशीने स्कोअर थोडा खाली येतो, आणि पुढच्या बँकेला दिसतं की हा माणूस दारोदार फिरतोय. स्वतःचा अहवाल स्वतः काढला तर मात्र काही कमी होत नाही. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चारही काढा.

अहवाल आला की आकड्याकडे नंतर बघा, आधी प्रत्येक खात्यासमोरचा शब्द वाचा. पूर्ण फेडलेल्या कर्जासमोर 'क्लोज्ड' हवं. तुमच्या कॅश क्रेडिटसमोर 'सेटल्ड' असेल, म्हणजे बँकेने काही रक्कम सोडून दिली. कर्ज देणाऱ्याची नजर पहिली तिथेच जाते. हा शब्द बदलायचा एकच सरळ मार्ग मला माहीत आहे: बँकेने सोडलेली रक्कम भरायची. मला ६८ हजार भरावे लागले. पैसे भरण्याआधी शाखेकडून लेखी घ्या की एवढी रक्कम भरल्यावर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवलं जाईल. भरल्यावर नो ड्यूज दाखला, म्हणजे काही देणं बाकी नाही असा कागद, घ्या. माझ्या बँकेने दाखला दिला, पण सिबिलला कळवायचं चार महिने राहूनच गेलं. मॅनेजर दर वेळी "वरून होईल" म्हणायचे. आता नियम कडक झालाय: तक्रारीनंतर ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तक्रार मात्र लेखी हवी, तोंडी सांगितलेलं कुठेच धरत नाहीत.

दुसरं कर्ज तुम्ही पूर्ण फेडलंय. तरी तेही तपासा, फेडलेली कर्जं अहवालात चालू दिसल्याचं मी पाहिलंय.

जिथे सेटलमेंट केली त्याच बँकेकडे लगेच जाऊ नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या नियमाप्रमाणे तडजोडीनंतर त्या बँकेला तुम्हाला किमान १२ महिने नवं कर्ज देता येत नाही. शेतीकर्जाचं वेगळं आहे.

मधल्या काळात नवा चांगला इतिहास उभा करायचा. मी २० हजारांची एफडी ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं. त्यावर फक्त पेट्रोल आणि लाइट बिल, मर्यादेच्या पाव भागापेक्षा जास्त कधीच नाही, आणि बिल 'मिनिमम ड्यू' न भरता पूर्ण, तेही तारखेच्या तीन दिवस आधी. आपल्या भागात पतसंस्थेचं कर्ज पटकन मिळतं, पण पतसंस्था सहकार खात्याखाली येतात. तिथे नियमित हप्ते भरलेत तरी ते सिबिलला कळवतात का, हे आधी विचारा. नाहीतर परतफेड चोख होते आणि कागदावर काहीच दिसत नाही.

तुमची खरी अडचण मला कळते. डायलिसिस थांबत नाही, मग आठ-दहा महिने थांबा असं कोणत्या तोंडाने सांगू? एका खेपेला हजार भाडं धरलं तरी महिन्याला बारा-तेरा हजार जातात. म्हणून माझं मत असं: घरात सोनं असेल आणि वहिनींची मनापासून संमती असेल, तर बँकेतून सोनेतारण घ्या आणि दीड-दोन लाखांची जुनी, छोटी, चालू गाडी रोखीने घ्या. सोनेतारणात स्कोअरला फारसं महत्त्व नसतं, आणि बँकेत वेळेवर फेडलंत तर ती परतफेड अहवालात चढते. सोनं नसेल तर मात्र भाड्याने काढा. त्या गाडी विकणाऱ्याच्या फायनान्सपेक्षा तेही परवडेल.

का ते सांगतो. तो तुम्हाला 'फ्लॅट दहा टक्के' म्हणेल. ३ लाख, ४ वर्षं: व्याज १ लाख २० हजार, हप्ता ८,७५०. ऐकायला बरं वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला कमी होतं आणि व्याज मात्र पूर्ण ३ लाखांवरच चालू राहतं. घटत्या शिलकीने मांडलं तर हाच दर साडेसतरा टक्क्यांच्या आसपास जातो. वर प्रोसेसिंग फी आणि विमा. कोणीही कर्ज देऊ केलं तर सहीआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा, मराठीत मागा. ते देणं बंधनकारक आहे, आणि सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर त्यात लिहिलेला असतो.

गाडी जुनी घेताना आरसीवर आधीच्या फायनान्सचा बोजा आहे का ते बघा. असेल तर त्या कंपनीची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

मला २०२४ च्या शेवटी कर्ज मिळालं, जिथे माझं करंट खातं होतं त्या बँकेत. किमतीचे ४० टक्के मी स्वतः भरले आणि मॅनेजरांच्या टेबलावर नो ड्यूज दाखला, कार्डाची चौदा महिन्यांची बिलं आणि तीन वर्षांचे आयकर रिटर्न ठेवले. त्यांनी आधी दाखलाच उचलला.

सोमवारी शाखेत जाल तेव्हा 'सेटल्ड'चं 'क्लोज्ड' करून देण्याच्या अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह शिक्का घेऊनच बाहेर पडा.