मिचेल 300 दुरुस्त करा, कार्पसाठी मात्र वेगळं रील घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शेजारच्या आजोबांनी त्यांचं मिचेल 300 हे मासेमारीचं जुनं रील तुम्हाला दिलंय. बेल आर्म (लाइन म्हणजे दोरा गुंडाळायला वळवणारी तारेची कमान) लुळा पडलाय, हँडल फिरवताना खरखर होते, ड्रॅग (मासा ओढू लागला की लाइन सोडणारा ब्रेक) झटके देत सुटतो. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या कॅनॉलवर रोच-पर्च हे मासे धरायचेत, पुढेमागे कार्पही. मग दुरुस्तीवर पैसे घालावेत की नवंच घ्यावं?

कॅनॉलसाठी दुरुस्त करा. कार्पसाठी त्याच्याकडून काम करून घेऊ नका.

हे रील फ्रान्समधल्या क्लूझ गावी बनायचं. तो सगळा पट्टाच घड्याळाचे बारीक भाग बनवणाऱ्यांचा, आणि झाकण उघडलंत की ते दिसेलच. तुमच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे ही रीलं लाखोंनी विकली गेली. त्यामुळे बेलची स्प्रिंग आजही काही पाउंडांत मिळते, आणि कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात) मोडकं 300 दिसलं तर सुट्या भागांसाठी उचलून ठेवता येतं. एखादं अनोळखी, कमी खपलेलं जुनं रील असतं तर मी नवंच घ्या म्हटलं असतं.

बेल लुळा पडलाय म्हणजे बहुधा स्प्रिंग तुटलीये. वयाप्रमाणे ती जाते, त्यात विशेष काही नाही. नवी बसवताना हात आणि रील दोन्ही मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून काम करा. ताणलेली स्प्रिंग उडाली की सोफ्याखालून सापडत नाही.

खरखर ऐकून लगेच गिअरचे दाते गेले असं समजू नका. निम्म्या वेळा आत वाळून मेणासारखं झालेलं ग्रीस असतं. झाकण काढा, प्रत्येक टप्प्याला मोबाइलवर फोटो घ्या, आणि निघालेले भाग अंड्यांच्या ट्रेमध्ये क्रमाने ठेवा. पातळ वॉशर कुठे आणि कोणत्या बाजूने होते हे हमखास विसरायला होतं. जुनं ग्रीस व्हाइट स्पिरिट आणि टूथब्रशने काढा, दात्यांना हलकं ग्रीस लावा, शाफ्टवर तेलाचा एखादा थेंब टाका. डब्ल्यूडी-40 अडकलेला स्क्रू सोडवायला ठीक आहे, पण ते वंगण म्हणून मारून झाकण लावू नका. आहे ते ग्रीसही ते धुऊन नेतं. एवढं करूनही दाते अडखळले तर झीज खरी आहे. मग दुसऱ्या रीलचे दाते घालायचे की सोडून द्यायचं हे ठरवा. आणि हो, हँडल उलटं फिरू न देणारी लिव्हर चालू असताना होणारी टिकटिक हा बिघाड नाही. हे रील तसंच वाजतं, लिव्हर बंद केली की गप्प.

बेलवर लाइन जिथून वळते ती जागा बहुतेक जण बघतच नाहीत. तिथे कापूस फिरवा. तंतू अडकले तर तंगूसने खाच पाडलीये, आणि ती बारीक लाइन कापत राहणार. हा भाग बदलल्याशिवाय बाकीच्या दुरुस्तीला अर्थ नाही.

आता ड्रॅग. स्पूलवरची (लाइन गुंडाळली जाते त्या चकरीवरची) घुंडी काढून वॉशर पुसा, वाकलेला असेल तो बदला, ग्रीस अगदी नावाला लावा. तरीही नव्या रीलइतका मऊ ड्रॅग मिळणार नाही. पण इथले जुने मासेमार ड्रॅगवर फारसे विसंबतच नव्हते. ते लिव्हर बंद करून हँडलवर हात ठेवायचे आणि मासा पळाला की हँडल उलटं फिरवून लाइन द्यायचे. 2-3 पाउंड ताण सोसणाऱ्या हुकलेंथवर (गळाला जोडलेल्या बारीक तंगूसवर) रोच खेळवताना ही पद्धत माझ्या मते कुठल्याही ड्रॅगपेक्षा चांगली, कारण मासा किती ओढतोय हे थेट बोटांना कळतं. दोन दिवसांत सवय होते. हँडल डावीकडे आहे आणि ते उजवीकडे लावता येत नाही. उजव्या हाताने फिरवायचं तर 301 हे वेगळं मॉडेल येतं.

जुना तंगूस पूर्ण काढून टाका. मूळ स्पूल खोल असेल तर खाली स्वस्त जाड लाइनचा भराव द्या आणि वर 4 पाउंड ताण सोसणारी लाइन शंभरेक मीटर. काठापासून साधारण 2 मिमी खाली थांबा. कमी भरलं तर फ्लोट लांब जात नाही, जास्त भरलं तर वेटोळी सुटतात.

कार्पचं गणित वेगळं. तिथे काठी स्टँडवर ठेवून, मासा लागला की वाजणाऱ्या अलार्मची वाट बघत बसायचं असतं. मासा एकदम पळतो तेव्हा स्पूल मोकळा सुटायला हवा आणि तुम्ही काठी उचलल्यावर हँडलच्या एका वळशात ड्रॅग लागायला हवा. यासाठी फ्रीस्पूलवालं रील लागतं. मिचेलवर ही सोय नाही. ड्रॅग ढिला सोडून चालवता येतं, पण हँडल फिरवण्याआधी आठवणीने घट्ट करावा लागतो, आणि नेमकं तेव्हाच विसरतं. आणि ड्रॅग ढिला सोडलाच नाही तर काठीच पाण्यात जाते. बजेट कमी असेल तर कार्प पुढच्या वर्षावर टाका, पण स्वस्तातलं कसलंतरी रील घेऊ नका.

रॉड लायसन्स (मासेमारीचा परवाना) काढलं नसेल तर आधी ते काढा. इंग्लंडच्या नद्यांवर 15 मार्च ते 15 जून असे मासे धरायला बंदी असते. बहुतेक कॅनॉलवर नसते, पण लेस्टरमध्ये सोअर नदी आणि ग्रँड युनियन कॅनॉल जागोजागी एकच होतात, म्हणून बसणार त्या पट्ट्याच्या मासेमारी क्लबला विचारून घ्या.

झाकण उघडलंत की ग्रीस काढल्यानंतरचा दात्यांचा जवळून फोटो टाका, आणि रीलच्या पायावरचा नंबरही. बदलायचे की नाही ते बघून सांगतो.