न्यू ऑर्डरचे ‘ब्ल्यू मंडे’ १९८३ पासून आजतागायत डान्स फ्लोअरवर कसे टिकून राहिले?

आपण विचारले आहे की, ज्या गाण्याला धड ध्रुवपद नाही, ज्यातील गायकाचा आवाज थकल्यासारखा वाटतो आणि जे तब्बल साडेसात मिनिटे चालते, ते न्यू ऑर्डर या ब्रिटिश समूहाचे ‘ब्ल्यू मंडे’ चाळीस वर्षांनंतरही क्लबांत का वाजवले जाते. आपण या तीन गोष्टी उणिवा म्हणून मोजल्या आहेत. मी तसे मानत नाही. रेडिओसाठी गाणे करायचे असते तर त्या उणिवाच ठरल्या असत्या, पण हे गाणे डीजेच्या हाती द्यावे अशाच बेताने बांधलेले आहे, आणि त्याच्या दीर्घायुष्याचे मुख्य कारण मला तेच वाटते.

मँचेस्टरच्या फॅक्टरी रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीने ७ मार्च १९८३ रोजी ते प्रसिद्ध केले, तेही फक्त बारा इंची तबकडीवर. एकल गाण्यांसाठी रूढ असलेली सात इंची आवृत्ती त्या वेळी ब्रिटनमध्ये काढलीच नाही. एकच गाणे मोठ्या तबकडीवर पसरले की खाचा रुंद कापता येतात आणि खालच्या पट्टीचा आवाज दमदार उमटतो. शिवाय सुरुवातीची दोन मिनिटे उलटून गेल्यावरच गायन सुरू होते. तोपर्यंत ड्रम मशीन, मग सिंथेसायझरवरील बेस, मग इतर सुरावटी असे एकेक थर चढत जातात, आणि शब्द संपल्यावरही यंत्रे बराच वेळ चालू राहतात. आधीचे गाणे हळूहळू उतरवून हे चढवायला आणि पुढचे आत घ्यायला डीजेला दोन्ही बाजूंनी प्रशस्त जागा मिळते. घरी खुर्चीत बसून ऐकणाऱ्याला कंटाळवाणा वाटणारा हा भाग क्लबमध्ये सर्वाधिक कामाचा असतो.

याचा पुरावा विक्रीच्या इतिहासातच आहे. ब्रिटनमधील खपाच्या यादीत हे गाणे प्रथम १२ व्या क्रमांकापर्यंत गेले आणि खाली घसरले. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात न्यू ऑर्डरच्या चौघांनी ते प्रत्यक्ष वाजवण्याचा हट्ट धरला आणि ते फारसे जमले नाही. तरीही ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा वर चढून ९ व्या क्रमांकावर पोहोचले. उन्हाळ्याच्या सुटीत भूमध्य सागराकाठच्या क्लबांत ते ऐकून परतलेल्यांनी ते विकत घेतले, असे त्याचे कारण सांगितले जाते. पुढे ते ब्रिटनमधील सर्वाधिक खपाचे बारा इंची एकल ठरले आणि एकूण खप दहा लाखांवर गेला.

आता यंत्रांविषयी, कारण खरी गंमत तिथे आहे. मे १९८० मध्ये गायक इयन कर्टिसने आत्महत्या केल्यावर त्याच्या जॉय डिव्हिजन या समूहातील उरलेल्या तिघांनी, म्हणजे बर्नार्ड समनर, पीटर हुक आणि स्टीफन मॉरिस यांनी, न्यू ऑर्डर हे नाव घेतले आणि गिलियन गिल्बर्ट त्यांना येऊन मिळाली. न्यूयॉर्कच्या क्लबांत त्यांनी जे ऐकले, त्याने त्यांचे कान बदलले. ‘ब्ल्यू मंडे’तील उसनवारी त्यांनी कधी लपवली नाही: ठेक्यामागे डिस्को गायिका डोना समर आहे, बेसमागे डिस्को गायक सिल्व्हेस्टर, आणि मध्येच उमटणारा समूहस्वर क्राफ्टवर्क या जर्मन समूहाच्या १९७५ मधील ध्वनिमुद्रणातून इम्युलेटर या सॅम्पलरमध्ये, म्हणजे आवाजाचे तुकडे टिपून पुन्हा वाजवणाऱ्या वाद्यात, घेतलेला आहे. ठेका ओबरहाइम डीएमएक्स या ड्रम मशीनचा आहे. आधी सुटे, मोजके ठोके आणि त्यांच्यामागे एका दमात ओतलेली जलद ठोक्यांची सर. ही सर दोन सेकंद कानावर पडली तरी लोक गाणे ओळखतात.

निरनिराळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी जोडणारी मिडी पद्धत तेव्हा नुकतीच येऊ घातली होती. समनरने सुट्या भागांचा संच आणून सिक्वेन्सर, म्हणजे स्वरांचा क्रम साठवून आपोआप वाजवणारे यंत्र, स्वतः जोडला होता, आणि तो ड्रम मशीनच्या तालावर चालावा म्हणून वेगळे सर्किट बनवून घ्यावे लागले. त्यात एकेक स्वर भरण्याचे किचकट काम गिल्बर्टने केले. सगळी सुरावट तिने कागदाला कागद चिकटवून विणकामाच्या नमुन्यासारखी लांबलचक लिहून काढली होती, आणि ती भरताना एक स्वर चुकून गळला. त्यामुळे ती सुरावट ठेक्यापासून किंचित सरकली आणि तशीच ठेवली गेली. मी हा भाग माझ्या कीबोर्डवर मात्रांशी नीट जुळवून वाजवून पाहिला आहे. सगळे जागच्या जागी बसते आणि गाणे लंगडे पडते. सरकलेल्या सुरावटीमुळे कान सम शोधत राहतो, ती मिळाल्यासारखी वाटते आणि पुन्हा निसटते. त्यावर हुकची वरच्या पट्टीतील बेस गिटार येते, जी आपल्याला एन्यो मॉरिकोनेच्या चित्रपटसंगीतावरून सुचली असे तो सांगतो. यंत्राच्या काटेकोरपणात ही दोन माणसे आहेत म्हणून मला ते गाणे अजून शिळे वाटत नाही.

समनरच्या कोरड्या आवाजाविषयी थोडक्यात सांगतो. शब्द एका दुखावणाऱ्या माणसाला उद्देशून आहेत, पण त्या माणसाचा किंवा प्रसंगाचा काहीच तपशील नाही, आणि शीर्षकाचे शब्द गाण्यात एकदाही येत नाहीत. गायकाने भावना ओतली असती तर ती त्याची राहिली असती आणि दहा वेळा ऐकून ओसरली असती. ध्रुवपद नसल्यामुळे तर तोंडात घोळून घोळून गुळगुळीत होईल असा तुकडाच हाती लागत नाही.

फॅक्टरीचा आरेखनकार पीटर सॅव्हिल याने केलेले फ्लॉपी डिस्कसारखे वेष्टन प्रसिद्धच आहे. त्यावर समूहाचे नाव किंवा शीर्षक अक्षरांत नव्हते, ते रंगांच्या चौकोनांत दडवले होते, आणि वेष्टन इतके महाग पडे की प्रत्येक प्रतीमागे फॅक्टरीला तोटा होई, असे सांगतात. तोट्याचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. वेष्टनाने गाण्याची आख्यायिका घडवली हे खरे, पण अंधारात नाचणाऱ्याला वेष्टन दिसत नाही.

केवळ नव्या यंत्रांमुळे गाणे टिकते असे वाटत असेल, तर मुंबईचे उदाहरण पाहावे. १९८२ मध्येच चरणजित सिंग या हिंदी चित्रपटसंगीतातील वादकाने रोलंड या कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक वाद्ये घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले होते. काही बाबतींत ते काम ‘ब्ल्यू मंडे’पेक्षाही धाडसी होते. पण ते रात्रीमागून रात्री वाजवणाऱ्या डीजेंची साखळी त्याला लाभली नाही, आणि जगाने त्याची खरी दखल घेतली ती २०१० मधील पुनर्प्रकाशनानंतर. उलट न्यू ऑर्डरचा समूह तर फॅक्टरीबरोबर मँचेस्टरमधील हसिएंडा या क्लबचा भागीदारच होता.

१९८८ मध्ये क्विन्सी जोन्स आणि जॉन पोटोकर यांनी केलेली छोटी, झकपक आवृत्ती ब्रिटनमध्ये ३ ऱ्या क्रमांकावर गेली, म्हणजे मूळ गाण्याहूनही वर. आपण ऐकली असेल ती बहुधा तीच असावी, कारण आपल्याला जाणवलेला थकलेला आवाज तिथे चकचकीत साजामुळे अधिकच उघडा पडतो. मूळ ७ मिनिटे २९ सेकंदांचे ध्वनिमुद्रण मिळवा, फोनच्या स्पीकरऐवजी खालचे स्वर पेलणाऱ्या स्पीकरवर लावा, आणि पहिली दोन मिनिटे पुढे ढकलू नका.